‘सिंपल’च्या जागी ‘सिम्प्लिस्टिक’ लिहिलं आणि फसलो: इंग्रजी विशेषणांचे समानार्थी शब्द शिकायचे तरी कसे?

अर्धविराम

नमस्कार मंडळी. आजवर वाचनमात्र होतो, आता गळ्याशी आलं म्हणून धागा काढतोय.

जीआरईची, म्हणजे परदेशी पदव्युत्तर शिक्षणासाठीच्या परीक्षेची, तयारी चालू आहे. कुणीतरी दिलेली एक यादी आहे: डावीकडे भारदस्त इंग्रजी विशेषण, उजवीकडे त्याचे पाच-सहा समानार्थी. रोज तीस याप्रमाणे दीड महिना घोकली. झोपेतून उठवून विचारलं तरी सांगेन अशी तयारी झाली. त्याच भरात मला शिकवणाऱ्या सरांना आभाराची मेल लिहिली. ‘सिंपल एक्स्प्लनेशन’ फारच बाळबोध वाटलं, म्हणून यादीतून त्याचा थोरला भाऊ काढला आणि लिहिलं की तुमच्या ‘सिम्प्लिस्टिक’ विवेचनाचा मला फार उपयोग झाला.

सरांचं उत्तर आलं: ‘धन्यवाद. पुढच्या वेळी जरा खोलात जाऊन समजावेन.’

मला वाटलं, काय हा विनय! चार दिवसांनी शब्दकोश उघडला तेव्हा कळलं की ‘सिम्प्लिस्टिक’ म्हणजे सोपं नव्हे. गुंतागुंतीची गोष्ट नको इतकी सोपी करून टाकलेली, म्हणजे सरळ सरळ उथळ.

तर माझ्या अडचणी अशा. शब्द पाठ आहेत पण वापरायला गेलं की घात होतो. ‘लॅकॉनिक’, ‘टॅसिटर्न’, ‘रेटिसंट’, ‘टर्स’ हे चौघे डोक्यात एकाच खोलीत राहतात आणि हाक मारली की भलताच बाहेर येतो. आणि क्रियाविशेषणांचं तर विचारूच नका, माझी गाडी ‘व्हेरी’च्या पुढे सरकत नाही. अनुभवी लोकांनी मार्ग दाखवावा.

कोराकागद

सरांचं उत्तर वाचून पाच मिनिटं हसत होते. माफ करा.

तुमच्या यादीतलं ‘म्हणजे’ हेच मूळ दुखणं आहे. ‘अमुक म्हणजे तमुक’ असं लिहिलं की दोन्ही शब्द सारख्या वजनाचे वाटतात. मराठीत आपण असं कधी करतो का? सडपातळ, शेलाटा, बारीक, किडकिडीत, हडकुळा. यादीवाल्याच्या हिशेबाने पाचही एकच. पण मैत्रिणीला ‘सडपातळ दिसतेस’ म्हणा आणि दुसरीला ‘हडकुळी दिसतेस’ म्हणा, मग फरक कळेल. इंग्रजीतही ‘स्लेंडर’, ‘थिन’, ‘स्किनी’, ‘स्क्रॉनी’ अशी उतरंड आहे. ‘स्लेंडर’ने माणूस खूश होतो, ‘थिन’ने काही वाटत नाही, ‘स्क्रॉनी’ने दुखावतो. त्यापलीकडचा ‘इमेशिएटेड’ हा खंगलेल्या माणसाचा शब्द, तिथे सौंदर्याचा प्रश्नच संपतो.

मी प्रत्येक विशेषणाच्या डोक्यावर पेन्सिलीने अधिक, उणे किंवा शून्य लिहायचे. एवढ्यानेच अर्ध्या चुका थांबल्या. ‘फ्रूगल’ अधिक, ‘इकॉनॉमिकल’ शून्य, ‘स्टिंजी’ उणे, ‘मायझर्ली’ दोन उणे. आपले काटकसरी, चिकट, कंजूष तसेच तर आहेत.

तिरकस

तत्त्वज्ञ बर्ट्रांड रसेलने 1948 साली बीबीसी रेडिओवर हीच गंमत क्रियापदासारखी चालवून दाखवली होती. आपल्या भाषेत सांगायचं तर: मी ठाम आहे, तू हट्टी आहेस, तो हेकट आहे. गुण एकच, फक्त माणूस आपल्यापासून जितका लांब तितका शब्द वाईट. ‘रेझोल्यूट’, ‘ऑब्स्टिनेट’, ‘पिगहेडेड’ हे असे ओळीने लावले की पाठ करावंच लागत नाही. शेजाऱ्यांची आठवण काढायची, शब्द आपोआप येतात.

बाकी मूळ प्रश्न असा, की आभाराच्या मेलमध्ये ‘सिंपल’ला काय झालं होतं?

अर्धविराम

@तिरकस, काही झालं नव्हतं. दीड महिना घोकलेलं कुठेतरी वाजवायला नको का!

@कोराकागद ताई, अधिक-उणेची युक्ती आजपासून सुरू. पण ते चौघे एका खोलीतले?

जुनी_वही

चौघांना एका खोलीत तुम्हीच कोंडलंत. मी बरीच वर्षं इंग्रजी शिकवते आणि हे दर तुकडीत बघते.

जवळच्या अर्थाचे नवे शब्द एकाच दिवशी एकत्र शिकले तर ते लवकर लक्षात राहतील असं वाटतं. प्रत्यक्षात ते एकमेकांच्या पायात पाय घालतात. टिंकहॅम या अभ्यासकाने 1993 आणि 1997 मध्ये हे प्रयोग करून दाखवलं: अर्थाने एका गटातले नवे शब्द शिकायला असंबद्ध शब्दांपेक्षा जास्त वेळ लागतो. शब्दसंग्रहावर आयुष्यभर काम केलेल्या पॉल नेशन यांनीही 2000 साली शिक्षकांना याच धोक्याबद्दल सावध केलं. गंमत म्हणजे पाठ्यपुस्तकं आणि याद्या नेमक्या उलट पद्धतीने छापल्या जातात, कारण छापायला तसं सोयीचं पडतं.

म्हणून आधी चौघांपैकी एकालाच घरात घ्या. तो चांगला रुळू द्या, दहा वाक्यांत भेटू द्या. मग दुसरा आणा, आणि आणताना ‘पहिल्यापेक्षा हा वेगळा कसा’ एवढंच विचारा. समानार्थी शब्दांतली समानता आपसूक कळते. शिकायचा असतो तो फरक.

आता तुमचे चौघे, पण आज फक्त वाचा, पाठ करू नका. ‘टॅसिटर्न’ हा स्वभाव आहे: अबोल, थोडा घुमा. त्याला हवामानाबद्दल विचारा की स्वतःबद्दल, तो गप्पच. ‘रेटिसंट’ माणूस एरवी गप्पा मारेल, पण विशिष्ट गोष्ट निघाली की हातचं राखून बोलेल, म्हणून त्याच्यापुढे बहुतेक वेळा ‘अबाउट’ येतं. ‘लॅकॉनिक’ माणूस बोलतो, पण मोजकं आणि नेमकं. हा शब्द लॅकोनिया या ग्रीक प्रदेशावरून आला, म्हणजे स्पार्टाच्या लोकांवरून. मॅसिडोनियाच्या फिलिपने त्यांना धमकी दिली की ‘मी जर तुमच्या प्रदेशात शिरलो तर सगळं बेचिराख करीन’ आणि त्यांनी एका शब्दाचं उत्तर पाठवलं, ‘जर’, अशी गोष्ट सांगतात. राहिला ‘टर्स’. तो माणसापेक्षा उत्तराला, वाक्याला जास्त लागतो: तुटक. त्यात बरेचदा नाराजीचा वास असतो.

तुमच्या सरांचं उत्तर यापैकी कोणतं, ते तुम्हीच ठरवा.

अर्धविराम

लॅकॉनिक. नक्कीच लॅकॉनिक. टर्स असेल तर माझं शिफारसपत्र गेलं.

सातवा_मजला

क्रियाविशेषणांबद्दल कुणी बोललं नाही म्हणून लिहितो.

मराठीत काळा असतो तो कुट्ट, लाल भडक, पांढरा शुभ्र, हिरवा गार, पिवळा धमक. आता ‘लाल कुट्ट’ म्हणून बघा. व्याकरणाने काही चूक नाही, पण लहान पोरही हसेल. ‘कुट्ट’चा अर्थ ‘खूप’ एवढाच असता तर तो लालला का चालत नाही? कारण या जोड्या ठरलेल्या आहेत. कोणी ठरवल्या, विचारू नका.

इंग्रजीतही अशाच आहेत, आणि काही तर आपल्या जोड्यांच्या सख्ख्या बहिणी. काळाकुट्ट म्हणजे ‘पिच ब्लॅक’. कोरडाठाक म्हणजे ‘बोन ड्राय’. ओलाचिंब म्हणजे ‘सोकिंग वेट’. नवाकोरा म्हणजे ‘ब्रँड न्यू’. इथे ‘व्हेरी’ लावलंत तर चूक नाही, पण ‘खूप काळा’ म्हटल्यासारखं पचपचीत लागतं.

पुढची पायरी ‘ली’वाल्यांची. निराशा असेल तर ‘बिटरली डिसअपॉइंटेड’, शक्यता कमी असेल तर ‘हायली अनलाइकली’, मूर्खपणा असेल तर ‘अटर्ली रिडिक्युलस’, काम रेंगाळत असेल तर ‘पेनफुली स्लो’. ‘हायली डिसअपॉइंटेड’ ऐकायला मिळतं, पण ‘बिटरली’मध्ये जो कडवटपणा आहे तो त्यात नाही. फर्थ नावाचे ब्रिटिश भाषाशास्त्रज्ञ 1957 साली म्हणून गेले की शब्द ओळखायचा तो त्याच्या संगतीवरून. त्यांचे शिष्य हॅलिडे यांचं उदाहरण प्रसिद्ध आहे: चहा ‘स्ट्राँग’ असतो, ‘पॉवरफुल’ नसतो. यंत्राचं उलट.

तेव्हा एकटं क्रियाविशेषण पाठ करूच नका. वरातीसारखं जोडीनेच शिका.

पुन्हा_परीक्षार्थी

+१. यात एक भर: सगळी विशेषणं ‘व्हेरी’ सहन करत नाहीत. ‘अँग्री’ कमी-जास्त होऊ शकतो, म्हणून ‘व्हेरी अँग्री’. ‘फ्युरिअस’ आधीच टोकाला पोचलेला, त्याला ‘अ‍ॅब्सोल्यूटली’ लागतं. तसंच ‘व्हेरी टायर्ड’ पण ‘अ‍ॅब्सोल्यूटली एक्झॉस्टेड’. ‘युनिक’ला तर पंडित लोक काहीच लावू देत नाहीत.

आणि ‘क्वाइट’पासून सांभाळून. ब्रिटिश माणूस ‘क्वाइट गुड’ म्हणाला तर बरेचदा ‘बरं आहे’ एवढंच. अमेरिकन म्हणाला तर ‘चांगलंच आहे’. पण ‘क्वाइट इम्पॉसिबल’ म्हटलं की दोघांचाही अर्थ ‘निव्वळ अशक्य’. एकाच शब्दाने किती जणांना गाफील गाठलंय.

आता परीक्षेबद्दल. जीआरईमध्ये सहा पर्यायांतून दोन निवडायचा जो प्रश्न असतो, त्यात घोकंपट्टीवाल्यांसाठी मुद्दाम खड्डा खणलेला असतो. सहांत बरेचदा एक अगदी जुळी समानार्थी जोडी असते, पण ती त्या वाक्यात बसत नाही. यादी पाठ असलेला गडी वाक्य न वाचताच तीवर झडप घालतो. कधी उलट होतं, खरी जोडी शब्दकोशात समानार्थी म्हणून दिलेलीच नसते, पण त्या वाक्यापुरता दोन्हींचा अर्थ एकच निघतो. आणि दोनपैकी एक बरोबर आला तर अर्धा गुण वगैरे काही नाही. विरुद्धार्थी शब्दांचे सुटे प्रश्न 2011 मध्येच बंद झाले, तरी लोक अजून त्या काळातल्या याद्या फिरवतायत. तुमची यादी त्याच जमान्यातली दिसते.

वाक्य आधी वाचा, रिकामी जागा आपल्या साध्या शब्दाने भरा, मराठी शब्द आला तरी चालेल. मग पर्यायांकडे बघा.

गवतफुला

सातवा_मजला यांची ‘काळाकुट्ट’ कल्पना वाचून मला माझी आवडती गोष्ट सांगायची उबळ आलीय. जरा लांबेल.

‘अपॅरंटली’, ‘ऑस्टेन्सिबली’, ‘अलेजेडली’, ‘एव्हिडंटली’, ‘आर्ग्युएबली’. समानार्थी यादीत यांतले दोन-तीन तरी एकमेकांशेजारी सापडतात, आणि मला वर्षानुवर्षं हे सगळे ‘दिसतंय तसं’ वाटायचे. मग एकदा लक्षात आलं की हे शब्द क्रियेबद्दल बोलतच नाहीत. बोलणारा आपल्या विधानाची जबाबदारी किती घेतोय, ते सांगतात. आणि यासाठी मराठीत आपल्याकडे एक सोन्यासारखा शब्द आहे: ‘म्हणे’.

‘तो आजारी आहे’ आणि ‘तो आजारी आहे म्हणे’. दुसऱ्या वाक्यात मी हात झटकले. कानावर आलं, खरं-खोटं देव जाणे. रोजच्या बोलण्यातलं ‘अपॅरंटली’ बरेचदा हेच करतं. ‘अलेजेडली’ हाही ‘म्हणे’च, पण कायद्याचा कोट घातलेला: कुणीतरी आरोप केलाय, सिद्ध झालेलं नाही. आपली वर्तमानपत्रं तिथे ‘कथित’ वापरतात. त्यामुळे ‘ही अलेजेडली वन द प्राइझ’ लिहिलं की वाचणाऱ्याला बक्षिसात काहीतरी काळंबेरं दिसायला लागतं.

‘ऑस्टेन्सिबली’ म्हणजे वरकरणी. ‘वरकरणी तो भेटायला आला होता’ म्हटलं की ऐकणारा पुढचा ‘पण’ ऐकायला कान टवकारतो. आत दुसरं काहीतरी आहे हा संशय शब्दातच शिवलेला आहे. ‘एव्हिडंटली’ नेमका उलट: माझ्याकडे खूण आहे, चिखलाची पावलं दिसतायत, म्हणजे कुणीतरी आत आलं होतं.

आणि ‘आर्ग्युएबली’. याने मी सगळ्यात जास्त फसले. मला वाटायचं ‘वादग्रस्त’, म्हणजे शंका. ‘आर्ग्युएबली द बेस्ट’ हे मी कितीतरी दिवस ‘सर्वोत्तम आहे की नाही याबद्दल वाद आहे’ असं वाचत होते. खरं तर बोलणारा म्हणतोय की हे सर्वोत्तम आहे असं नक्की म्हणता येईल, माझा कौल त्याच बाजूला.

या पाचांना मराठी चेहरा मिळाल्यापासून एकदाही गल्लत झाली नाही. जिथे मराठीत बारीक छटा आधीच आहे तिथे इंग्रजी व्याख्या पाठ करणं म्हणजे घरात विहीर असताना बाहेर पाणी मागणं.

जुनी_वही

गवतफुला, ‘म्हणे’ उद्याच्या तासाला वापरणार आहे. परवानगी गृहीत धरते.

यादीबहाद्दर

सगळे यादीला झोडपतायत म्हणून वकिली करतो. मी यादीवरच वाढलो. वाचताना शब्द ओळखीचा वाटला आणि वाक्य अडलं नाही, तर यादीने आपलं काम केलं. वाचण्यासाठी ढोबळ अर्थ पुरतो. बारीक फरक लागतो तो लिहिताना. अर्धविराम यांनी ओळखीच्या माणसाला पहिल्याच भेटीत घराची किल्ली दिली, यात यादीचा काय दोष?

शिवाय याद्यांचा आजा पीटर मार्क रॉजे. पेशाने डॉक्टर. 1805 साली स्वतःच्या वापरासाठी शब्दांचं वर्गीकरण करून ठेवलं, ते वाढवून 1852 मध्ये छापलं. अक्षरांप्रमाणे नव्हे, कल्पनांप्रमाणे लावलेलं. त्याचा उपयोग मुळात माहीत असलेल्या शब्दांतून नेमका आठवायला. अनोळखी शब्द तिथून उचलून वापरणं म्हणजे गर्दीतल्या कुणालाही जावई करून घेणं.

कोराकागद

यादीबहाद्दर, वकिली मान्य. ओळखीचे आणि वापरातले अशा दोन वह्या ठेवल्या तर तुमचं-आमचं भांडण मिटलं.

खापरखुंटी

इतके सारखे शब्द इंग्रजीत आले कुठून, हे माहीत असलं की अर्धी छटा आपोआप कळते. 1066 मध्ये नॉर्मन लोकांनी इंग्लंड जिंकलं आणि दरबारात फ्रेंच आली. घरात जुनी इंग्रजी चालूच होती, आणि विद्वान लॅटिनमधून उचलत होते. म्हणून राजाची तीन विशेषणं: ‘किंगली’ घरचं, ‘रॉयल’ फ्रेंचकडून, ‘रीगल’ लॅटिनमधून. ‘रॉयल’ खात्याला, घराण्याला लागतो, ‘रीगल’ रुबाबाला. सामान्यपणे घरचा शब्द जवळचा, फ्रेंच जरा नीटनेटका, लॅटिन पुस्तकी. आपल्याकडे ‘पाणी’ आणि ‘जल’, तसंच. प्यायला जल मागणाऱ्याकडे लोक वळून बघतातच.

अवांतर: ‘मेटिक्युलस’च्या पोटात लॅटिन ‘भीती’ आहे, मूळ अर्थ भित्रा. ‘स्क्रूप्युलस’च्या पोटात टोकदार खडा आहे. म्हणून आजही ‘मेटिक्युलस’ माणूस चूक होऊ नये म्हणून बारकाईने काम करतो, आणि ‘स्क्रूप्युलस’ला सदसद्विवेक टोचत असतो. हिशेब चोख ठेवणारा चोर ‘मेटिक्युलस’ असू शकतो, ‘स्क्रूप्युलस’ नाही.

तिरकस

व्वा. चोराचं उदाहरण वहीत.

पण चेहऱ्यावरून ओळख काढणाऱ्यांनी एवढे लक्षात ठेवा: ‘रेस्टिव्ह’ म्हणजे शांत नव्हे, चुळबुळणारा. ‘नॉइसम’ला आवाज नाही, दुर्गंधी आहे. ‘ऑफिशियस’ म्हणजे अधिकृत नव्हे, उगाच लुडबुड करून हुकूम सोडणारा. ‘हार्डली’ कष्ट करत नाही: ‘ही वर्क्स हार्डली’ असं शिफारसपत्रात लिहिलेलं मी स्वतः वाचलंय.

सातवा_मजला

एक सुचवू का? विशेषणांना विरुद्धार्थी जोडीभोवती गोळा करा. प्रिन्स्टन विद्यापीठात 1985 पासून बांधलेल्या वर्डनेट या कोशात तसंच केलंय: ‘वेट’ आणि ‘ड्राय’ असे दोन खांब, मग ‘डॅम्प’, ‘मॉइस्ट’, ‘सॉगी’ एकाभोवती, ‘अ‍ॅरिड’, ‘पार्च्ड’ दुसऱ्याभोवती.

जुनी_वही

उजळणीला उत्तम, पण पहिल्या भेटीला नको. नवे विरुद्धार्थी शब्दही एकत्र शिकले की तितकेच गोंधळ घालतात. डावं-उजवं शिकणाऱ्या मुलाला विचारा.

उजळणीसाठी लाइटनर यांची 1970 च्या दशकातली खोक्यांची पद्धत अजून चालते. बरोबर आलेलं कार्ड पुढच्या खोक्यात, ते उशिरा बघायचं. चुकलं की परत पहिल्यात. फक्त कार्डावर शब्द-अर्थ लिहू नका. वाक्य लिहा, शब्दाची जागा कोरी ठेवा, आणि मागे शब्दाबरोबर कोराकागद यांचं अधिक-उणे.

अर्धविराम

मंडळी, आठवडाभर तेच करतोय. रोजचे तीस बंद, आता सहा. सहाही एकमेकांच्या नात्यात नसलेले. ‘टॅसिटर्न’ रुळला, ‘रेटिसंट’ काल आत घेतला. ‘लॅकॉनिक’ दारात उभा आहे.

सरांना दुसरी मेल लिहितोय. तपासून द्याल? ‘पहिल्या पत्रातला शब्द चुकला होता. मला तुमच्या ‘ल्यूसिड’ विवेचनाबद्दल आभार मानायचे होते. त्या चुकीबद्दल मी ‘डीपली’ दिलगीर आहे.’

कोराकागद

‘ल्यूसिड’ चपखल: स्वच्छ, आरपार दिसणारं. डोक्यावर अधिक. ‘डीपली’ची जोडी बरोबर आहे, पण चूक एका शब्दाची आणि दुःख इतकं खोल? साधं ‘सॉरी’ लिहा.

तिरकस

आणि शेवटी सहीच्या वर ‘सिन्सिअरली’च लिहा हो. भारदस्त वाटतं म्हणून ‘ऑस्टेन्सिबली’ नको.